कापसाच्या मुलखातला चॅम्पियन : लारिसाचा 'आएल' क्लब

कपाशी :

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत होतं, आज लिहून काढतोय.

माझा धंदा जिनिंगच्या मशिनरीचा. त्या निमित्ताने ग्रीसमधल्या लारिसा शहरात चार-पाच वेळा जाणं झालं. ग्रीस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे निळा समुद्र आणि पांढरी घरं येतात. लारिसात त्यातलं काहीच नाही. सपाट मैदान, मधून वाहणारी पिनिओस नदी, आणि ऑक्टोबरात जिकडे बघावं तिकडे कापूस. युरोपीय संघातला बहुतेक कापूस ग्रीसमध्ये पिकतो, आणि त्यातला मोठा वाटा या थेसलीच्या मैदानाचा. वेचणी यंत्राने होते. भरलेल्या ट्रॉल्या जिनिंगकडे निघाल्या की रस्त्याकडेच्या झुडपांना कापूस अडकून राहतो, आपल्या वणी-पांढरकवडा रस्त्यावर दिसतो तसाच. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा गाडी थांबवून खाली उतरलो होतो.

त्याच दिवशी संध्याकाळी जिनिंगचे मालक मला त्यांच्या नेहमीच्या काफेनिओत घेऊन गेले. काफेनिओ म्हणजे म्हाताऱ्या माणसांचा कॉफीचा अड्डा. कॉफी, तावली नावाचा सोंगट्यांचा खेळ आणि राजकारण. भिंतीवर एक जुना फोटो होता, रंग उडालेला. गडद लाल जर्सीतले अकरा जण, त्यांच्या आजूबाजूला, खांद्यावर, पायाशी माणसंच माणसं. मी विचारलं हे कोण. मालकांनी उत्तर दिलं नाही, खुर्ची ओढून आधी नीट बसले. तेव्हाच कळलं की आता उठायला उशीर होणार.

गोष्ट अशी. ग्रीसची राष्ट्रीय फुटबॉल लीग आजवर फक्त सहा क्लबांनी जिंकली आहे. पिरेअस बंदराचा ऑलिम्पियाकोस, अथेन्सचे पानाथिनाइकोस आणि एईके, थेस्सालोनिकीचे पाओक आणि आरिस. हे झाले पाच. सहावा लारिसाचा आएल. दोन महानगरं सोडून बाहेरच्या गावाने ही लीग जिंकली ती एकदाच, १९८८ साली. त्याआधी कुणी नाही, त्यानंतरही कुणी नाही.

क्लब तसा जुना नाही. १७ मे १९६४ रोजी लारिसातले चार छोटे क्लब एकत्र आले : इराक्लिस, आरिस (थेस्सालोनिकीच्या क्लबांशी फक्त नावं सारखी), तोक्सोतिस आणि लारिसाइकोस. चौघांचेही आपापले चाहते, आपापले हेवेदावे. पण वेगवेगळं राहून आपण कायम खालच्या डिव्हिजनमध्येच झगडत बसणार, हे ओळखून चौघांनी आपली नावं सोडली. नव्या संस्थेचं नाव ठेवलं 'लारिसा ॲथलेटिक संघ'. त्याची ग्रीक आद्याक्षरं म्हणजे आएल. ज्यांनी गावातली तालमी-तालमींमधली चुरस पाहिली आहे त्यांना कळेल, आपलं नाव सोडणं ही किती मोठी गोष्ट असते.

चिन्ह आहे धावणारा घोडा. हे चिन्ह कुणी कागदावर बसून ठरवलेलं नाही. थेसलीचे घोडे प्राचीन काळापासून नावाजलेले, अलेक्झांडरचा बुकेफालस याच मुलखातला. लारिसाच्या अडीच हजार वर्षांपूर्वीच्या चांदीच्या नाण्यावर चरणारा घोडा कोरलेला आहे. तिथल्या संग्रहालयात ते नाणं पाहिलं. नखाएवढं नाणं, आणि मान खाली घालून गवताला तोंड लावलेला घोडा, पुढचा एक पाय थोडा वाकवलेला. पुढे पाऊल टाकण्याच्या बेतात असलेला. बराच वेळ मी त्या काचेपुढून हललो नाही.

१९८८ बद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो. जेवून येतो.

रानजाई :

वाचतेय. फुटबॉलमधलं फारसं कळत नाही, पण चार क्लबांनी नाव सोडलं ते वाचून थांबले. लवकर लिहा.

जुनी_पेठ :

सुंदर सुरुवात. एक भर घालतो. आएल १९८८ साली अचानक उगवला असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, ते मला पटत नाही. पहिल्या डिव्हिजनमध्ये ते पहिल्यांदा आले १९७३ साली, दोन वर्षांत खाली गेले, १९७८ साली परत आले आणि मग टिकले. १९८२ साली ग्रीक कपच्या (ही लीगहून वेगळी, बाद पद्धतीची स्पर्धा) अंतिम सामन्यात पानाथिनाइकोसकडून हरले. पुढच्या वर्षी लीगमध्ये दुसरे. १९८४ साली पुन्हा कपची फायनल, पुन्हा पानाथिनाइकोस, पुन्हा हार. १९८५ साली तिसऱ्यांदा फायनलला गेले आणि पाओकला ४-१ असं हरवून कप घेतला. आणि पाओक म्हणजे त्याच वर्षीचे लीगविजेते बरं का, ऐरेगैरे नव्हे.

युरोपातही १९८४-८५ च्या कप विनर्स कपमध्ये, म्हणजे देशोदेशींच्या कपविजेत्यांच्या स्पर्धेत, उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेले. हंगेरीचा शिओफोक, स्वित्झर्लंडचा सर्वेत यांना बाहेर काढलं. मग डायनामो मॉस्कोकडून हरले, तेही दोन्ही सामने मिळून एकच गोल खाऊन. पुढच्या वर्षी इटलीच्या सांपडोरियाशी घरी १-१ आणि तिकडे ०-१. हा संघ आठ-दहा वर्षं मुरत होता.

कपाशी :

जुनी_पेठ, अगदी माझ्या मनातलं बोललात. काफेनिओतल्या मंडळींना 'चमत्कार' हा शब्द आवडत नाही. ते म्हणाले, चमत्कार म्हटलं की आमची मेहनत देवाच्या खात्यावर जमा होते.

त्या संघात पोलंडचा मोठा वाटा आहे. त्या दशकात तिथे पोलिश प्रशिक्षक आणि खेळाडू आले. १९८८ चा प्रशिक्षक यात्सेक ग्मोख. शिक्षणाने इंजिनिअर, १९७८ च्या विश्वचषकात पोलंडच्या संघाचा प्रशिक्षक. त्याच्या हाताखाली बहुतेक पोरं मात्र आसपासच्याच मुलखातली. गोलमध्ये प्लित्सिस, मागे मित्सिबोनास, पुढे वलाओरास, आणि मध्ये कारापिआलिस, जेमतेम बावीस वर्षांचा. कारापिआलिसचं नाव निघालं की तिथली माणसं हाताने चेंडू थांबवल्याची खूण करून दाखवतात. पायाने तो चेंडू तसा थांबवायचा.

आता १९८८. मोसम ऐन रंगात आलेला, आएल वर. आणि बातमी आली की त्यांचा बल्गेरियन खेळाडू गेओर्गी त्सिंगोव उत्तेजक चाचणीत सापडला. द्रव्य कोडीन. म्हणजे खोकल्याच्या औषधात असतं ते. शिक्षा क्लबला झाली, चार गुण कापले. तेव्हा विजयाला दोनच गुण मिळायचे, म्हणजे दोन विजय गेले असं धरा.

नकाशा डोळ्यांपुढे आणा. अथेन्स खाली, थेस्सालोनिकी वर, आणि लारिसा मध्ये. दोन्ही शहरांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग लारिसावरून जातो, रेल्वेही तिथूनच. शिक्षेची बातमी आली आणि लारिसा घरात बसलं नाही. माणसं महामार्गावर जाऊन उभी राहिली. रेल्वेही अडली. ग्रीसचे मधोमध दोन तुकडे झाले, तेही काही तास नव्हे, काही दिवस. दुकानं बंद, गावंच्या गावं रस्त्यावर. मला हे सांगणारे गृहस्थ तेव्हा तिशीतले. म्हणाले, शेकोटीभोवती आम्ही तिथेच झोपलो, घरून बायका जेवण घेऊन यायच्या, आणि फुटबॉल कधीही न पाहिलेली माझी आई तिसऱ्या दिवशी स्वतः येऊन बसली.

शेवटी सरकारला नियम बदलावा लागला. खेळाडू दोषी असेल तर शिक्षा खेळाडूला, क्लबचे गुण जाणार नाहीत. त्सिंगोववर बंदी राहिली, गुण परत आले.

आणि १ मे १९८८. लारिसाचं जुनं अल्काझार स्टेडियम, नदीजवळ. समोर थेस्सालोनिकीचा इराक्लिस. सामना ०-० वर अडकलेला, शेवटची काही मिनिटं उरलेली. मित्सिबोनासने डोक्याने चेंडू आत घातला. १-० आणि विजेतेपद. एईके दुसरा.

मित्सिबोनास म्हणजे बचावपटू. गोल करणं हे त्याचं रोजचं काम नव्हे. पुढे तो ऑलिम्पियाकोसकडे गेला, आणि १९९७ साली मोटार अपघातात गेला. वय पस्तिशीच्या आतलं. हे सांगताना गृहस्थांनी कॉफीचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

डावा_विंगर :

लेखन आवडलं, पण एक गोष्ट स्पष्ट बोलतो. रस्ता अडवून नियम बदलून घेणं मला मान्य नाही. चाचणीत सापडला म्हणजे सापडला. नियम मोसमाच्या सुरुवातीला सगळ्यांना माहीत होता. उद्या प्रत्येक गाव असंच करायला लागलं तर लीग चालणार कशी? दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या क्लबच्या माणसांना काय वाटलं असेल?

मी स्वतः जिल्हा पातळीवर खेळलोय. एकदा आमच्याविरुद्ध निकाल गेला, आमच्या मते चुकीचा. आम्ही मैदान सोडलं नाही, पण नंतर मान्य केलं. खेळ त्याच्यावरच चालतो.

संत्रानगरी :

डावा_विंगर यांच्याशी सहमत नाही. एका खेळाडूने खोकल्याचं औषध घेतलं म्हणून बाकीच्या वीस-पंचवीस जणांची वर्षाची मेहनत कापणं हा न्याय कसा? आज जगभर सांघिक खेळांत एखादा सापडला तर शिक्षा बहुतेक त्यालाच होते. लारिसाची मागणी काळाच्या पुढची होती.

आणि बाहेरगावच्या क्लबला ऐकून कोण घेतो? राजधानीतल्या क्लबकडे वर्तमानपत्रं असतात, मंत्र्यांकडे ऊठबस असते. लारिसाकडे रस्ता होता.

डावा_विंगर :

मागणी बरोबर असू शकते, हे मान्य. पण ती पुढच्या मोसमापासून लागू करायला हवी होती. मधेच नाही. माझा मुद्दा तेवढाच.

कपाशी :

डावा_विंगर, तुमचा मुद्दा सरळ आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. मधेच नियम बदलला, ही त्या विजेतेपदातली अवघड जागा आहेच. मी तिथे हा प्रश्न विचारला होता. गृहस्थ म्हणाले, 'तुम्ही किलेलेरला जाऊन या.'

किलेलेर हे लारिसाजवळचं गाव. थेसली ग्रीसमध्ये आली १८८१ साली, पण जमीन राहिली मोठ्या जमीनदारांकडे. कसणारा कूळच राहिला. ६ मार्च १९१० रोजी शेतकरी लारिसातल्या सभेला निघाले. किलेलेरच्या स्टेशनवर त्यांनी तिकिटाविना गाडीत चढायचा प्रयत्न केला, त्यांना चढू दिलं नाही, दगडफेक झाली आणि सैनिकांनी गोळीबार केला. किलेलेरला माणसं मेली, लारिसातही मेली. पुढे काही वर्षांनी जमिनींचं वाटप झालं. दरवर्षी मार्चमध्ये तिथे आजही लोक जमतात.

मी गेलो होतो. स्टेशन अगदी छोटं, एका खेपेत दोन पिशव्या घेऊन उतरावं असं. भोवती शेतं. तिथे उभं राहिलं की कळतं, या माणसांच्या आठवणीत 'रस्ता' आणि 'न्याय' हे दोन शब्द जवळजवळ राहतात. आजही कापसाचे भाव पडले, डिझेल महागलं की थेसलीचे कास्तकार हिवाळ्यात ट्रॅक्टर घेऊन लारिसाजवळ महामार्गावर येतात. १९८८ साली त्यांनी काही नवीन केलं नाही. जे करता येत होतं तेच फुटबॉलसाठी केलं.

याने तुमचा आक्षेप खोडला जात नाही, हे मलाही कळतं. पण कापसाला भाव मिळेना म्हणून आमच्याकडे रस्त्यावर बसलेली माणसं मी लहानपणापासून बघत आलोय. मला लारिसावाल्यांना दोष देववत नाही.

डावा_विंगर :

किलेलेरची माहिती नव्हती. मत बदललं नाही, पण त्यांच्या जागी उभं राहून बघतोय. लिहीत राहा.

रानजाई :

मंडळी, इथे छान भांडताय, आवडलं. एक प्रश्न. हे सगळं वाचताना स्टेडियममधल्या हाणामाऱ्यांचं काय? ग्रीसमधल्या प्रेक्षकांबद्दल बरंच वाईट ऐकलंय. तिथे पोरं-बायका जायच्या का?

कपाशी :

ताई, तो भाग झाकणार नाही. १९८६ साली याच अल्काझारमध्ये पाओकविरुद्धच्या सामन्यात प्रेक्षकांतून सुटलेला फ्लेअर, म्हणजे पेटता बाण, एका माणसाला लागला आणि तो गेला. सामना बघायला आलेला साधा माणूस. लारिसाच्या सुवर्णकाळातच हे झालं. फोटो दाखवणारे लोक हेही सांगतात, आवाज खाली आणून.

तरीही बायका-पोरं जायची आणि जातात. मी गेलो तेव्हा माझ्या पुढच्या रांगेत एक आजी होत्या, गळ्यात विणलेला मफलर. पूर्ण वेळ एक शब्द बोलल्या नाहीत. गोल झाला तेव्हा फक्त मफलरचं टोक हातात घट्ट धरलं.

जुनी_पेठ :

नंतरचं कुणीतरी लिहायला हवं, नाहीतर धागा १ मेवरच थांबेल. पुढच्या मोसमात युरोपियन कपमध्ये, म्हणजे लीगविजेत्यांच्या स्पर्धेत, स्वित्झर्लंडचा न्यूशातेल झामाक्स समोर आला. घरी २-१ जिंकले, तिकडे १-२ हरले, पेनल्टीवर बाहेर. ग्मोख ऑलिम्पियाकोसकडे गेला. मग एकेक खेळाडू. १९९१ साली कारापिआलिसही तिकडेच. १९७९ पासून ग्रीक लीग व्यावसायिक झालेली, पैसा अथेन्स-पिरेअसकडे वाहणार हे ठरलेलंच. बाहेरच्या क्लबने माणूस घडवायचा आणि तो तयार झाला की सोडायचा, हे चक्र काही थांबलं नाही. १९९६ साली आएल खालच्या डिव्हिजनमध्ये गेला, आणि पुढच्या काही वर्षांत तिसऱ्या डिव्हिजनपर्यंत घसरला. देशाचा विजेता तेरा वर्षांत तिसऱ्या पायरीवर!

नदीकाठ :

इथे पहिल्यांदाच लिहितेय. मी २००७ साली शिक्षणासाठी ग्रीसमध्ये होते, म्हणून त्या वर्षीच्या ग्रीक कपबद्दल थोडं.

तिसऱ्या डिव्हिजनमधून क्लब वर आणला तो कोस्तास पिलाडाकिस यांच्या मालकीच्या काळात, प्रशिक्षक योर्गोस डोनिस. २००५ साली पहिल्या डिव्हिजनमध्ये परत, आणि दोनच वर्षांत, ५ मे २००७ रोजी, कपची फायनल पानाथिनाइकोसविरुद्ध. १९८२ आणि १९८४ साली ज्यांनी कप हिसकावला तेच समोर. सामना वोलोसमध्ये. वोलोस म्हणजे लारिसाचं शेजारचं बंदर आणि जुनं वैर, साठेक किलोमीटरवर. लारिसावाल्यांना आयुष्यातला एक मोठा दिवस वैऱ्याच्या गावात घालवायचा होता.

२-१ असे जिंकले. एक गोल निकोस डाबिझासचा, २००४ साली युरो जिंकलेल्या ग्रीक पथकातला हा बचावपटू. दुसरा गाबोनच्या आंत्शुएचा. माझ्या वर्गातली मैत्रीण लारिसाची. सामन्याच्या रात्री तिने घरी फोन लावला आणि नुसता फोन कानाला धरून उभी राहिली. तिकडून फक्त हॉर्न ऐकू येत होते. वडील काही बोललेच नाहीत म्हणे, त्यांनी फोन खिडकीतून बाहेर धरला होता.

त्या वर्षी युएफा कपमध्ये इंग्लंडच्या ब्लॅकबर्नला बाहेर काढलं, घरी २-० आणि तिकडे १-२. पुढे गटात एव्हर्टन, झेनिट, न्यूर्नबर्ग, आल्कमार. चारही सामने हरले. झेनिटने त्या वर्षी तो कपच जिंकला, तेव्हा गटही हलका नव्हता.

कपाशी :

नदीकाठ ताई, फोन खिडकीतून बाहेर धरण्याचं वाचून गलबलून आलं. त्या मैत्रिणीला नक्की सांगा की यवतमाळात कुणीतरी हे वाचलं.

२०१० साली क्लबचं नवीन स्टेडियम झालं, सोळा हजारांच्या आसपास बसतील असं. आणि पुढच्याच वर्षी संघ पुन्हा खाली. नवीन घर बांधावं आणि त्याच वर्षी पीक बुडावं तसं. २०१६ साली परत वर, २०२१ साली परत खाली. २०२५ साली पुन्हा पहिल्या डिव्हिजनमध्ये आले.

संत्रानगरी :

२०२३ साली तिकडे पूर आला होता ना? त्याचं काय झालं?

कपाशी :

हो. सप्टेंबर २०२३, डॅनिएल वादळ. पिनिओस फुगली आणि थेसलीचं मैदान पाण्याखाली गेलं. लारिसाच्या कडेच्या वस्त्यांत पाणी शिरलं. बोंडं फुटायची वेळ, वेचणी तोंडावर. मी नंतर गेलो तेव्हा एका शेतात अजून चिखल होता आणि काळ्या पडलेल्या कपाशीच्या ओळी तशाच उभ्या. ज्यांच्याकडे मशीन बघायला गेलो त्यांच्या गोदामाच्या भिंतीवर पाण्याची रेघ होती, माझ्या छातीएवढी. त्या रेघेच्या वर क्लबचं कॅलेंडर टांगलेलं, कोरडं. मी मशीनचं काहीच बोललो नाही त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी बोलू म्हटलं.

रानजाई :

शेवटचा प्रश्न. जर्सीचा रंग तुम्ही आधी गडद लाल म्हणालात. नक्की कोणता? मरून की डाळिंबी?

कपाशी :

ताई, ग्रीकमध्ये त्याला 'विसिनी' म्हणतात. विसिनो म्हणजे आंबट चेरी. आपल्याकडे जवळचा रंग डाळिंबी म्हणता येईल, पण थोडा काळपट. तिथे घरी गेलं की पाहुण्याला आधी छोट्या बशीत याच चेरीचा मुरांबा देतात, एकच चमचा, सोबत थंड पाण्याचा ग्लास. चमच्यावरून पाक ओघळतो तेव्हा उजेडात धरून बघावा. तोच रंग. पुढच्या खेपेला एक बरणी आणतो, आपल्या कट्ट्यावर कुणी भेटलं तर चव देतो.

जुनी_पेठ :

मी येतो.

नदीकाठ :

मीही. मैत्रिणीला धागा वाचून दाखवला, भाषांतर करत करत. तिचे वडील विचारतायत, काफेनिओ कोणत्या चौकातलं?